रूपाबाईचा आवाज मी ऐकवला होता

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. आखाडा बाळापूरच्या बाजारात फहीमचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं मागच्या फळीवर मी बसलेला असतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडं जा. माझ्याजवळ नाही.

मला आणलं फहीमच्या वडिलांनी, कय्युमभाईंनी. ते लग्नांचं शूटिंग करायचे. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! माझ्या पोटात कॅसेट गेली की दुकानासमोर ही गर्दी. "अरे, मी दिसलो!" म्हणून बाप्ये लेकरांसारखे ओरडायचे. कय्युमभाई लग्नावर सिनेमाची गाणी चढवायचे, कारण लोकांना तेच आवडायचं. पण तांड्यावरचं लग्न असलं की एका ठिकाणी ते थांबायचे. बंजारा नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडत गायचं ते गाणं. लेक ओळ म्हणते, आई तिला उत्तर देते. "तिथं गाणं टाकायचं न्हाई," कय्युमभाई फहीमला बजावायचे. "ते मायलेकीचं बोलणं हाय."

कय्युमभाई गेले आणि माझे दिवस फिरले. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. पुढं लोक जुन्या कॅसेटा पेनड्राइव्हवर भरून मागू लागले, तेव्हा कुठं फहीमनं माझ्यावरची धूळ झटकली. प्रेम कसलं आलंय, गरज पडली म्हणून!

हिवाळ्यात एक दिवस सुनिता आली. जवळच्याच तांड्यावरची. पिशवीतून तिनं स्वतःच्या लग्नाची कॅसेट काढली.

"भाऊ, माझी याडी गेली," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. रूपाबाई तिचं नाव. "आता माझ्या पोरीचं लगीन हाय. ती ढावलो म्हणल तवा उत्तर मला द्यायचंय. याडीनं मला काय म्हणलं होतं, तेच मला माझ्या पोरीला म्हणायचंय. पर मी तवा रडून राहिले होते, काईच ध्यानात न्हाई. आवाज तेवढा बराबर येऊ द्या."

"काहून न्हाई येणार, ताई? या तुमी आठ दिवसांनी," फहीम म्हणाला.

मी जीव तोडून ती कॅसेट चालवली. फीत दमट, जागोजागी सुरकुतलेली. चित्र फाटलं की कॉम्प्युटर तेवढं चित्र गाळून टाकायचा, आवाज मात्र सगळा घ्यायचा. म्हणून चित्र पुढं पळालं आणि आवाज मागं पडत गेला. सुरुवातीला थाळी वाजताना दिसायची तेव्हाच ऐकू यायची. ढावलोपाशी पोचेपर्यंत रूपाबाईचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालूच! फहीमनं सगळा आवाज एकदम ओढला. शेवट जुळला, तर सुरुवात बिघडली. मधेमधे आवाज कापून, थाळीचा एकेक ठोका पाहून तो बसवायला हवा होता. हे त्याला येत नव्हतं असं नाही, बापाच्या हाताखाली शिकलेला तो. पण बसायला नको! लगीनसराईची कामं पडली होती.

"ह्या डबड्यामुळं सगळी तकलीफ," म्हणत त्यानं मला एक चापट मारली. मग आवाज पुसला आणि सबंध लग्नावर सिनेमाचं गाणं चढवलं. झालं, जुळवायचं काही उरलंच नाही.

सुनिता आली. पडद्यावर रूपाबाईचे ओठ हलत होते आणि खाली ढिंगच्याक गाणं चाललं होतं.

"भाऊ, याडीचा आवाज कुठं हाय?"

"ताई, जुळून नव्हता राहिला. म्हणून गाणं टाकलं. छान न्हाई का वाटत?"

"मला जुळलेला नको. कसा बी द्या. न्हाई तर माझी कॅसेट द्या."

कॅसेट फहीमजवळ उरलीच नव्हती. काम झालेल्या कॅसेटा तो देऊन टाकायचा. लोक आतली फीत ज्वारीच्या रानात बांधतात. वाऱ्यानं ती गुणगुणते, पाखरं बसत नाहीत. सुनिताची कॅसेट देविदास नावाचा शेतकरी घेऊन गेला होता. फहीम गाडी काढून धावत गेला खरा. परत आला तो मूठभर फीत घेऊन, उन्हानं वाळलेली, गाठीच गाठी, तुकडेच तुकडे. ती त्यानं माझ्यापुढं ठेवली आणि माझ्याकडं बघत बसला. आता रे कशाला बघतोस माझ्याकडं?

मित्रांनो, आवाज मागं पडला होता, मेला नव्हता. मागं पडलेल्याला हात धरून आणता येतं. त्यासाठी कुणीतरी बसावं लागतं. तुमच्या घरच्या कॅसेटा अशा माणसाच्या हाती द्या, आणि मूळ कॅसेट परत घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

सुनिताच्या लेकीचं लग्न झालं. नवरदेवाकडच्यांनी शूटिंगला फहीमलाच बोलावलं होतं. ते सगळं मी दुकानातल्या पडद्यावर पाहिलं. चित्र लख्ख, आवाज बराबर. लेक सुनिताच्या गळ्यात पडली, ढावलोची ओळ म्हणाली आणि उत्तरासाठी थांबली. सुनितानं तोंड उघडलं. मग पदर तोंडात कोंबला आणि लेकीला नुसती धरून उभी राहिली.