चॅसीतली कीड

ताईने पर्समधून दात तपासायची आकडी सळई आणि नाण्याएवढा आरसा काढला, गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठा अंथरला आणि बाबांच्या जुन्या गाडीखाली सरकली.

"मिस्त्री, टॉर्च."

मिस्त्रीने टॉर्च दिला. त्याचा जन्म वेल्डिंगमध्ये गेला होता, पण गंज बघायला दातांची डॉक्टर आलेली त्यालाही नवीन होती.

"ताई, गाडी आहे ती," धाकटा म्हणाला. "आ कर म्हटलंस तर करणार नाही."

"तुला तेवढं एकच येतं."

भांडण सरळ होतं. बाबा गेल्यापासून गाडी धाकट्याच्या अंगणात उभी होती. ताईचं म्हणणं, बाबांनी जन्मभर फुलासारखी जपलेली गाडी याने दोन वर्षांत सडवली. त्याचं म्हणणं, ताईला गाडी नकोच आहे, फक्त ती त्याच्याकडे नको आहे. शेवटी मामांनी कंटाळून तोड काढली. चॅसीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात, गंज निघाला तर गाडी ताईची. नाही निघाला तर गाडी धाकट्याची, तशी तिने सही करायची आणि तोंड बंद ठेवायचं. कागद बॉनेटवर पान्याखाली दाबून ठेवला होता.

गंज होता. मागच्या चाकाजवळ धाकट्याने रविवारी बोट लावलं, तर बोट आत गेलं. मग मिस्त्रीच्या हातापाया पडून त्याने तिथे पुट्टी भरून घेतली, वरून काळा रंग मारला आणि रंग खरा वाटावा म्हणून त्यावर चिखल. चिखल त्याने स्वतः पसंत केला होता.

गाडीखालून आवाज येत होते. टण्. टण्. टण्. मग थप्.

धाकट्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने छताकडे.

"हं," ताई म्हणाली. हे ती दवाखान्यातही म्हणते, आणि पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतात.

"काय झालं?"

"गप्प बस."

आरशात तिचं तिलाच हसू दिसलं. कीड न खरवडता दातात भरलेलं सिमेंट ती वीस वर्षं लोकांच्या तोंडातून काढत आली होती. आकडी घातल्याबरोबर पुट्टी लोण्यासारखी सुटली. आता फक्त ओरडायचं बाकी होतं. पण कीड कुठवर गेलीय ते पाहिल्याशिवाय तिचा हात थांबत नसे.

आत आणखी एक पुट्टी होती. जुनी, दगडासारखी, आणि तिच्यावर पोपटी रंगाचे शिंतोडे. गाडी पोपटी होती ती ताई चौथीत जाईपर्यंत. तेव्हा बाबांशिवाय गाडीला कुणी हात लावत नसे.

तिने आकडी दाबली. ढलपी निघाली आणि मागून कागदाचा बोळा आला. चौकटीच्या वहीचं पान. त्यावर तेराचा पाढा, तिच्या अक्षरात, सातव्या ओळीला बाईंचा लाल गोल.

ही वही तिसरीत हरवली होती. धाकट्याने फाडली, असं घरी तिनेच सांगितलं होतं. तो पाच वर्षांचा होता. बाबांनी त्याच्या डाव्या कानाखाली दोन दिल्या होत्या आणि संध्याकाळी दोघांना मागच्या सीटवर बसवून फिरवून आणलं होतं.

ती सीट आता तिच्या नाकापासून हातभर वर होती.

"झोपलीस काय?" धाकट्याचा आवाज आला. "काही निघालं नसेल तर ये बाहेर. बाबांनी जपली, अगदी तशीच जपलीय मी."

धाकट्याला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. मग पलीकडे, मिस्त्रीच्या पायाशी, एक उघडा पंजा बाहेर आला.

"पुट्टी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

मिस्त्रीने पंजाकडे पाहिलं, मग डब्यातून गोळा काढून त्यावर ठेवला. पंजा आत गेला. तिने पान पुन्हा चुरगळून भोकात कोंबलं, वरून पुट्टी भरली आणि अंगठ्याने सपाट केली. रोजचंच काम होतं. फक्त रोज ती आधी खरवडत असे.

बाहेर येऊन तिने केसांतली धूळ झटकली.

"शाबूत आहे."

"काय?"

"शाबूत आहे म्हटलं. पेन दे."

तिने सही केली. धाकट्याने कागद ओढून घेतला, सही दोनदा वाचली.

"दोन वर्षं गावभर सांगत फिरलीस, मी सडवली म्हणून. आता माफी माग."

ताई त्याच्या डाव्या कानाकडे बघत राहिली.

"काय बघतेस? तिथेही गंज आहे?"

"माझ्या भाच्यांना यात घालून रस्त्यावर दिसलास," ती म्हणाली, "तर दात पाडीन तुझे. आणि नवे लावून देणार नाही."

पर्स खांद्याला लावून ती निघून गेली.

धाकट्याने बॉनेटवर थाप मारली.

"कळलंच नाही हो तिला, मिस्त्री! वीस वर्षं लोकांच्या तोंडात काय बघते, कुणास ठाऊक."