चुकीच्या हातातली चाळीस वर्षं

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. एकटाच. माझा जोडीदार मुळात कधी नव्हताच, त्यामुळे तो हरवलाही नाही. थंडीत माझा काही उपयोग होत नाही. बेसबॉलच्या मैदानावर डाव्या हातात चढायचं आणि चेंडू झेलायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

जन्म गाईच्या कातड्यातून झाला. त्यावर गाईचं मत कोणी विचारलं नाही. एकोणीसशे एकतीस साली, कॅटलॉग बघून मागवलेलं पार्सल म्हणून, मी ओहायोतल्या टर्टल बेंड गावी व्हर्जिल हेनशॉच्या घरी पोचलो. व्हर्जिल गावच्या संघात मैदानाच्या डाव्या टोकाला उभा राहायचा. त्याची डावी करंगळी मक्याचे दाणे काढायच्या यंत्रात सापडून वाकडी झाली होती आणि माझ्यात नीट बसत नव्हती. म्हणून त्याच्या आईने माझ्या करंगळीतला कापूस उपसला आणि आतून निळ्या लोकरीचं अस्तर शिवलं. "आता चेंडू पडला तर हातमोज्याला दोष देऊ नकोस," असं तिने लेकाला बजावलं. पहिल्याच रविवारी चेंडू पडला आणि व्हर्जिलने सूर्याला दोष दिला. मुलगा आज्ञाधारक होता.

त्या काळी एक रीत होती. आपल्या संघाची फलंदाजीची पाळी आली की खेळाडू हातमोजा काढून तिथेच गवतात टाकायचे आणि पळायचे. परत आले की उचलायचे. आम्ही मधल्या वेळात गवतात पडून असायचो, आणि समोरच्या संघातले लोक आमच्याभोवती खेळत. याला कोणाची हरकत नव्हती. मैदानात गाईही येत, त्यांनाही नव्हती.

चौतीसच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या हॅरोज मिल गावाशी अखेरचा सामना झाला. त्यांच्याकडून डाव्या टोकाला ओटो क्रुमहोल्झ नावाचा न्हावी खेळत होता. त्याचा हातमोजाही त्याच कॅटलॉगमधला, त्याच पानावरचा. हॅरोज मिल एका धावेने पुढे होतं आणि शेवटची पाळी आमच्या गावाची होती. व्हर्जिलने मला ओटोच्या हातमोज्याशेजारी टाकलं आणि बॅट घ्यायला धावला. ओटो धावत आला, खाली वाकला आणि त्याने मला उचललं.

मी ओरडू शकत नव्हतो. हातमोज्यांना हे जमत नाही.

आमच्या गावचे दोन गडी मैदानातल्या टप्प्यांवर धावायला ताटकळत होते, दोन बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना संपणार होता, आणि बॅट व्हर्जिलच्या हातात होती. त्याने चेंडू असा हाणला की तसा आयुष्यात पुन्हा हाणला नाही. ओटो मागे पळाला, हात वर केला, आणि चेंडू येऊन माझ्यात बसला. व्हर्जिलला बाद केलं ते त्याच्याच हातमोज्याने. मी घट्ट मिटलो नसतो तर? पण मित्रांनो, चेंडू आला की मिटायचं हाच माझा धर्म. कोणाचा चेंडू हे बघायचं मला शिकवलं नव्हतं.

ओटोला लोकांनी खांद्यावर घेऊन नेलं. व्हर्जिल मान खाली घालून गेला आणि गवतातला उरलेला हातमोजा उचलून घरी निघाला.

त्यानंतरची चाळीस वर्षं मी ओटोच्या दुकानात आरशाच्या वर खिळ्याला टांगलेला होतो. ओटो तो झेल गिऱ्हाइकांना सांगायचा. गळ्यावर वस्तरा असताना माणूस सहसा शंका काढत नाही. पहिल्या वर्षी ओटो दहा पावलं मागे पळाला होता. युद्ध संपेपर्यंत तीस झाली. पुढे त्यात कुंपण आलं, मग कुंपणावरून उडी आली. फक्त फलंदाजामागे बसून चेंडू अडवणारा जुना कॅचर क्लेम टाटम अधूनमधून म्हणायचा, "ओटो, अजून थोडा मागे गेलास तर शेजारच्या इंडियाना राज्यात पोचशील." क्लेमची बोटं इतक्यांदा मोडली होती की त्याने दाराकडे बोट दाखवलं तर लोक खिडकीकडे बघत.

व्हर्जिलची बातमीही तिथेच कानावर आली. पुढच्या हंगामात त्याच्या हातून सगळं सुटायला लागलं. सोपे झेल, लहान पोरही घेईल असे. हातमोज्याला दोष द्यायचा नाही असं आईने बजावलेलं, म्हणून त्याला वाटलं आपले हात गेले. त्याने खेळ सोडला आणि कोंबड्यांचं खाद्य विकायला लागला. हे ऐकताना ओटोचा वस्तरा थांबलेला मी पाहिला. करंगळीतली निळी लोकर त्याला पहिल्याच दिवशी सापडली होती.

चौऱ्याहत्तर साली वाचनालयाच्या मिस थॉर्सन यांनी जुन्या खेळाडूंच्या वस्तूंसाठी काचेचं कपाट केलं आणि त्यात ठेवायला मला मागितलं. नाही म्हणायला ओटोकडे कारण नव्हतं. त्यांनी व्हर्जिललाही बोलावलं. तो आला, टक्कल पडलेला, कोटाला कोंबड्यांच्या खाद्याचा वास.

लोक कॉफी पीत होते. व्हर्जिलने मला टेबलावरून उचललं, गंमत म्हणून हातात घातलं, आणि त्याची करंगळी निळ्या लोकरीत जाऊन बसली.

"ओटो, हा माझा आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. उद्या देऊ, परवा देऊ म्हणालो. मग झेलाची गोष्ट फार मोठी झाली रे."

"मी खेळ सोडला, ओटो. मला वाटलं माझे हात गेले."

मिस थॉर्सन हळूच विचारत्या झाल्या, की कपाटातल्या कार्डावर मग काय लिहायचं.

"लिहा, झेल ओटोचा, हातमोजा हेनशॉचा," व्हर्जिल म्हणाला. "पण आधी बाहेर चल, लेका. मला बघायचंय."

काय बघायचंय ते सगळ्यांना कळलं. हात गेले होते की नुसता हातमोजा बदलला होता?

हिरवळीवर दोघे पंधरा पावलांवर उभे राहिले. ओटोने चेंडू अलगद टाकला. तो व्हर्जिलच्या हातून पडला. दुसराही पडला. तिसरा तर माझ्या मधोमध आला होता, तोही पडला. क्लेम टाटमने बोलायला तोंड उघडलं, आणि ओटोने त्याच्याकडे असं बघितलं की क्लेमने उघड्या तोंडात बिस्किट घातलं.

"हातमोजा ताठ झालाय," ओटो म्हणाला. "चूक माझी आहे. मी त्याला कधी तेलाचा थेंब लावला नाही."

मित्रांनो, चाळीस वर्षं दर रविवारी दुकान बंद करून त्याने मला तेल चोळलं आहे. मी लोण्यासारखा मऊ आहे. माझ्याइतका मऊ हातमोजा अख्ख्या परगण्यात सापडणार नाही. पण व्हर्जिलने मला उलटसुलट करून दाबून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. "तरीच," तो म्हणाला. "दगड झालाय नुसता."



आता मी काचेच्या कपाटात असतो. दर गुरुवारी दोघे म्हातारे येतात आणि मला बाहेर काढतात. चेंडू पडतात, आणि माझ्या ताठपणाला नावं ठेवली जातात. तेव्हा मित्रांनो, आपल्या वस्तूंवर नाव घालत जा, दुसऱ्याची घरी आली तर दुसऱ्याच दिवशी परत करा. आणि आम्हा जुन्या वस्तूंना दोष द्यायचाच झाला तर जरूर द्या, फक्त त्यासाठी आम्हाला कपाटातून बाहेर काढत जा.