सहा शतांश जास्त

मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो. पोलादाची एक पट्टी, तिच्या टोकाला एक न हलणारा जबडा आणि पट्टीवरून पुढेमागे सरकणारा दुसरा जबडा, एवढाच माझा जीव. वस्तू दोन जबड्यांत हलकेच धरायची आणि रेघा वाचायच्या. तुमची शाळेतली मोजपट्टी मिलिमीटरपाशी थांबते. मी त्या एका मिलिमीटरचे पन्नास भाग करून दाखवतो. तुमच्या डोक्यावरचा केससुद्धा मी मोजू शकतो, फक्त तो उपटून तुम्ही द्यायला हवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला घासून गुळगुळीत केले, माझ्या अंगावर रेघा कोरल्या आणि शेवटी एका तपासनीस बाईंच्या हाती दिले. त्यांनी माझे जबडे मिटले आणि मला खिडकीसमोर धरले. फटीतून उजेडाचा धागाही दिसला नाही. "पास," एवढेच त्या म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मी एका टर्नरकडे आलो. लेथ नावाच्या यंत्रावर लोखंड गरागरा फिरवून त्याला हवा तसा आकार देणारा कारागीर म्हणजे टर्नर. त्याच्या उस्तादाने त्याला एक सवय लावली होती. काहीही मोजण्याआधी माझे जबडे पुसायचे, रिकामेच मिटायचे आणि शून्यासमोर शून्य येते का ते पाहायचे. "आधी झिरो, मग माप," उस्ताद म्हणायचे. "रिकाम्या तोंडी जो खोटं बोलतो, तो भरल्या तोंडी खरं कसा बोलेल?"

टर्नरने मला फार जपले. शेजारच्या यंत्रावरचे लोक मला मागायला येत, तेव्हा तो सांगायचा, "टोपी माग, डबा माग, हा तेवढा मागू नकोस." सुटीच्या दिवशी तो मला घरी नेऊन तेलाच्या फडक्याने पुसायचा.

घरी दोघीजणी होत्या. एक त्याची मुलगी आणि दुसरी त्याची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. मुलगी पाळण्यात असतानाच तिची आई गेली होती, तेव्हापासून आत्याच तिला सांभाळत होती. आत्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा थोडी जास्तच धारदार होती.

मुलगी सात वर्षांची असताना तिला माझा नाद लागला. बिस्कीट, बाहुलीचे नाक, आत्याची बटणे, झोपलेल्या बाबांच्या पायाचा अंगठा, काहीच तिच्या तडाख्यातून सुटले नाही. तेव्हापासून घरात तिचे नाव 'मापाडी' पडले.

एके दिवशी मापाडीच्या हातून मी फरशीवर पडलो. तिने मला घाईने पुसून पेटीत ठेवले आणि कुणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी टर्नरला एका कामाची घाई होती. आयुष्यात एकदाच त्याने शून्य न पाहता मोजायला सुरुवात केली. भोकांत घट्ट बसायला हव्यात अशा चाळीस लोखंडी पिना तयार झाल्या आणि चाळीसही डुगडुगू लागल्या. पडल्यामुळे माझा जबडा किंचित वाकला होता. मी प्रत्येक माप सहा शतांश मिलिमीटर जास्त दाखवत होतो.

संध्याकाळी मुलीने रडत रडत सगळे सांगितले. टर्नर म्हणाला, "पाडलास तू, पण झिरो मी बघितला नाही. चूक वाटून घेऊ." मग त्याने माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली: 'हा ०.०६ जास्त दाखवतो. वजा करावे.' त्याने कामासाठी नवा व्हर्निअर आणला आणि मला मुलीच्या हवाली केले.

मित्रांनो, खरे सांगतो, मला वाईट वाटले. आधी काही वर्षे मी तिच्या खेळात होतो, मग दप्तरात आणि नंतर टेबलाच्या खणात, तुटक्या पेन्सिलींच्या शेजारी. कितीतरी दिवस मी उजेडही पाहिला नाही.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा खण पुन्हा उघडला. तिला यंत्रांचे इंजिनिअर व्हायचे होते आणि दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता. एक मोठे, जुने आणि नावाजलेले, पण तिथे पोहोचायला रेल्वेचा अख्खा दिवस लागायचा. दुसरे नवे आणि घरापासून बसने चाळीस मिनिटांवर. बापलेक दोन्ही पाहून आले आणि दोन्ही वेळा मी तिच्या पिशवीत होतो.

परतल्यावर टर्नरने एका जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर तक्ता आखला. शिक्षक, कार्यशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, अंतर. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे ठरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्ही विद्यापीठांना उत्तर कळवायचे होते. नाही कळवले, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

बेरीज झाली. बाबांच्या तक्त्यात मोठे विद्यापीठ पुढे होते, मुलीच्या तक्त्यात जवळचे.

"ग्रंथालयाला दहापैकी दहा?" मुलगी म्हणाली. "बाबा, ते त्या दिवशी बंद होतं. आपण आत गेलोच नाही."

"बाहेरून कळतं गं. आणि तू अंतराला दहा दिलेस ते? बसमधून येता-जाता काय इंजिनच्या आवाजावर अभ्यास करणार आहेस?"

आत्याने मशीन थांबवले. "कापड एकच आणि दोघांच्या टेपा वेगळ्या. अशाने एक बाही गुडघ्यापर्यंत येते, एवढं मला कळतं."

कोणी हसले नाही. मुलीने तक्ता बाजूला सारला. मग तिने पिशवीतून मला काढले, माझे जबडे पुसले आणि रिकामेच मिटले. शून्यासमोर शून्य आले नाही. तिने मला बाबांपुढे धरले.

"बाबा, आपण झिरो बघितलाच नाही. ती विद्यापीठं बघायच्या आधी तुमचा आकडा किती होता?"

टर्नरने चष्मा काढला. तो म्हणाला, "तुझ्याएवढा असताना मला त्याच विद्यापीठाचं पत्र आलं होतं. तेव्हाच आमच्या वडिलांनी अंथरूण धरलं. मी लेथवर उभा राहिलो. त्याचं काही नाही, लेथनं मला खूप दिलं. पण फाटकातून आत शिरायच्या आधीच मी त्याला दहा गुण देऊन बसलो होतो."

"मग ते वजा करू."

"कर. आणि तुझा झिरो?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "तुमचा उजवा कान. यंत्रांच्या आवाजानं गेलाय. दुसऱ्या खोलीत फोन वाजला तरी तुम्हाला ऐकू येत नाही. मी लांब गेले तर..."

"त्याचा कान गेलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत," आत्या म्हणाली. "फोन मी घेईन. तसंही लहानपणीसुद्धा तो कुणाचं ऐकायचा नाही, तेव्हा कुठला लेथ होता?"

आता मात्र तिघेही हसले.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मुलीने अजून सांगितली नव्हती. मला दोन दोन जबडे आहेत, मित्रांनो, पण बोलता येत नाही. मी नुसता वाट पाहत राहिलो.

"बाबा, अजून एक लपवलंय मी," ती शेवटी म्हणाली. "दोन्हीकडे तुम्ही चहाला गेलात ना, तेव्हा मी तिथे हा व्हर्निअर दाखवला होता. जवळच्या विद्यापीठातल्या सरांनी घेतला आणि सरळ माझं पेन मोजलं. त्यांच्याकडची नवी यंत्रं छान आहेत, पण चार वर्षं झाली तरी प्लॅस्टिकच्या आवरणातच आहेत. मोठ्या विद्यापीठात मापनाच्या खोलीत एक म्हातारे मदतनीस होते. त्यांनी आधी जबडे मिटले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, सहा शतांश जास्त, कोणी पाडला?"

टर्नरने चष्मा पुन्हा घातला. "माझ्यासाठी जाऊ नकोस हं," तो म्हणाला.

"तुमचे दहा वजा केलेत बाबा. मी त्या मदतनीस काकांसाठी जातेय."

दुसऱ्या दिवशी दुपारीच तिने उत्तर कळवले. आज मी त्या लांबच्या विद्यापीठात तिच्या टेबलावर असतो. माझे शून्य जुळत नाही ते पाहून तिचे मित्र हसतात. मग ती त्यांना चाळीस पिनांची गोष्ट सांगते आणि ते आपापले व्हर्निअर मिटून पाहू लागतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी खणात पडले असेल. त्याला अधूनमधून पुसत जा. हातून पडले तर लपवू नका. चूक ठाऊक असलेले हत्यार कामाला येते, लपवलेली चूक मात्र चाळीस पिना वाया घालवते. आणि काही निवडायची वेळ आली, तर मोजण्याआधी स्वतःचे जबडे एकदा रिकामे मिटून पाहा.

कधी माझी पेटी उघडलीत, तर झाकणातली चिठ्ठी तेवढी काढू नका. मुलगी घरून निघाली त्या सकाळी टर्नरने जुन्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली. तिला ती इथे पोहोचल्यावरच दिसली.

'आमची काळजी: तीही वजा करावी. सगळी नको.'