वजनकाट्याचा तोरा

मी वजनकाटा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आकडा दाखवतोय. त्यापलीकडे मला काही येत नाही. पण तोरा असा, की जणू घरातल्या प्रत्येकाची कुंडली माझ्याच पोटात आहे.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. वर काच, खाली चार पाय, आत दोन सेल. बुद्धी बसवायला जागा उरली नव्हती, म्हणून ती बसवली नाही.

मला घरी आणलं श्रीधररावांनी. ते आणि त्यांच्या पत्नी वासंतीबाई सदाशिव पेठेत राहतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आणल्या आणल्या त्यांनी माझ्यावर पाच किलो कणकेची पिशवी ठेवली. मी ४.९ दाखवलं. "काटा बरोबर आहे, दुकानदार चोर आहे," त्यांनी निकाल दिला. तेव्हापासून माझं डोकं हवेत गेलं.

वासंतीबाई एक्कावन्न वर्षांच्या. शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे आकड्यावर श्रद्धा. वर्षभरापूर्वी त्यांची पाळी बंद झाली. जेवण तेवढंच, पण कुडता पोटावर आवळू लागला. रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, मधुमेहाचा उंबरठा. "तीन महिने नेमाने व्यायाम करा, मग पुन्हा तपासू. नाहीतर गोळ्यांचा विचार करावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वासंतीबाई घाबरल्या. मधुमेहाने त्यांच्या आईचे पाय बधिर झाले होते. चप्पल निसटली तरी आईला कळत नसे, ती तशीच चालत राही. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

इमारतीच्या तळमजल्यावर सोनालीचा व्यायामवर्ग आहे. ती पन्नाशीच्या बायकांना डंबेल्स उचलायला लावते, हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावते. वासंतीबाई तिथे जाऊ लागल्या. हे सगळं ऐकीव हं, मला तिथे कोण नेणार?

माझा मान सकाळचा. वासंतीबाई कानातल्या कुड्यासुद्धा काढून माझ्यावर उभ्या राहत. श्रीधरराव चष्मा लावून वाकत आणि आकडा कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहीत. पहिल्या दिवशी ६३.८ होतं. सहाव्या आठवड्यात मी ६४.२ दाखवलं.

"अगं, वाढलंय की," श्रीधरराव म्हणाले. "दीड महिना घाम गाळून चारशे ग्रॅम कमावलेस. अभिनंदन!"

वासंतीबाई बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या. आणि मी? आपण बिनचूक असल्याच्या आनंदात होतो.

त्यांनी वर्ग सोडला आणि उपास धरले. सोमवार, गुरुवार, शिवाय संकष्टी. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री नुसतं ताक. दोन आठवड्यांत मी ६२.५ वर आलो. काय ती माझी ऐट! वाटलं, या बाईंना बरं करणारा मीच.

मग एका गुरुवारी भाजी घेऊन जिना चढताना त्यांना भोवळ आली. पिशवीतले बटाटे गडगडत थेट वर्गाच्या दारापर्यंत गेले, तशी सोनाली वर धावली आणि त्यांना धरून घरी घेऊन आली.

"वासंतीताई, होतात कुठे दोन आठवडे?"

"अगं, तुझ्या वर्गाने वजन वाढत होतं. आता बघ, कमी झालंय."

"काय कमी झालंय, ते विचारलंत का काट्याला?"

मला फक्त 'किती' कळतं. 'काय' कुणी विचारलंच नव्हतं.

"पाळी जाते त्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायू झिजायला लागतात," सोनाली म्हणाली. "जेवणातली साखर वापरतात ते जास्त करून स्नायूच. उपाशी राहून तुम्ही तेच झिजवताय. काट्याला काय, स्नायू गेले काय नि चरबी गेली काय, सारखंच." मग तिने खिशातून शिंप्याची टेप काढून दाखवली. "पहिल्या दिवशी कंबर सदतीस इंच होती. सहाव्या आठवड्यात छत्तीस. मी सांगत होते, पण तुमचं लक्ष कुठे होतं?"

त्या लुळ्या पट्टीचा मला असा काही राग आला म्हणता!

"म्हणजे काटा मूर्ख आहे तर," श्रीधरराव म्हणाले.

"काटा नाही हो," असं म्हणून सोनाली त्यांच्याकडे बघत राहिली. श्रीधरराव बटाटे गोळा करायला जिन्यात गेले.

"मला आईसारखं व्हायचं नाहीये गं," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग आधी नीट जेवा. नि उद्या सातला खाली या."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा वर्गाला जाऊ लागल्या. भाकरी, उसळ, दही असं पोटभर जेवू लागल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं: ५.८. "गोळ्या सध्या नकोत, व्यायाम मात्र सोडायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी ६३.९ दाखवत होतो. म्हणजे माझ्या लेखी या घरात काही घडलंच नव्हतं! एक बाई मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मागे फिरली, आणि तिच्या पायाखाली असून मला पत्ता नाही. लाज वाटली मला.

आता माझा मुक्काम पलंगाखाली असतो. तक्रार नाही. बायांनो, माझ्यावर उभ्या राहा, मी खोटं सांगणार नाही. पण माझ्या एका शब्दावर डंबेल्स खाली ठेवू नका, एवढं या अर्धवटाचं ऐका.

गेल्या रविवारी वर्गाला सुट्टी होती. वासंतीबाईंनी मला बाहेर ओढलं. मी आशेने पडदा उजळला. पण त्यांनी पाय ठेवलाच नाही. मला दोन्ही हातांत धरून डोक्यावर उचललं. एक, दोन, तीन...

"अगं, काच आहे ती!" श्रीधरराव ओरडले.

"दोन किलो तर आहे," त्या म्हणाल्या, आणि बारापर्यंत मोजत राहिल्या.

जन्मभर मी माणसांना तोलत आलो. मला कुणीतरी पहिल्यांदाच तोललं, आणि तिच्या दंडांना मी जरासुद्धा जड झालो नाही.