साहेबांचे दात

"धर नीट. मान धर, मान!"

"मान आहे कुठे याला?" अक्का म्हणाली. "डोकं संपलं की पोटच सुरू होतं."

टॉवेलात गुंडाळलेला गिनी पिग तिच्या मांडीवर होता. समोर तिचे धाकटे भाऊ कपाळाला दिवा बांधून वाकले होते. कवळ्या बनवणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. घराची पुढची खोली हाच कारखाना. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, हवेत मेणाचा वास आणि रेडिओपासून चपलांपर्यंत सगळ्यावर पांढरी भुकटी.

गिनी पिगचं नाव साहेब. दिवसभर एका जागी बसून राहायचं आणि खाणं वेळेवर आलं नाही की शिट्ट्या मारायच्या, यावरून ते पडलं होतं. कालपासून मात्र साहेबांची शिट्टी नव्हती. वाटीतलं तसंच पडून होतं. हनुवटी लाळेने ओली, अंगावरचे केस पिंजारलेले, आणि मागच्या पायांना हात लावला की साहेब चिरकत.

"सापडलं!" काका म्हणाले. "खालचे दात बघ केवढे वाढलेत! तोंड मिटणार कसं, आणि चावणार कसं?"

"मग कवळी बसवतोस का त्याला?"

"घासून कमी करतो."

काकांनी कवळ्या घासायचं छोटं यंत्र उचललं आणि पेडलवर पाय दाबला. घर्रर्र झालं. साहेबांनी त्याच क्षणी, टॉवेल ओलांडून अक्काच्या मांडीपर्यंत पोचेल अशा बेताने, आपला विरोध नोंदवला.

"बंद कर ते!" अक्का ओरडली. "हा मेला तर मी त्या पोराला काय सांगू?"

पोर म्हणजे तिचा नातू. मुलगा-सून त्याला घेऊन दूरदेशी गेले. साहेबांना नेता येईना, म्हणून पिंजरा इथे आला. तेव्हापासून दर रविवारी फोन येई. पडद्यावर नातू दिसे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आजी, साहेब दाखव ना." अक्का फोन पिंजऱ्याकडे वळवी. नातू साहेबांशी भरभरून बोले, आणि फोन ठेवता ठेवता आजीलाही काहीतरी विचारायचं राहिलंय हे त्याला आठवे.

"या रविवारी रिकामा पिंजरा दाखवू?" अक्का म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्या रविवारी? माझं तोंड बघायला करणार आहे का तो फोन?"

काकांनी पेडलवरचा पाय काढला.

जनावरांच्या दवाखान्यात एका भल्यामोठ्या कुत्र्याशेजारी दोघं खोकं मांडीवर घेऊन बसले. खोकं प्लास्टरची भुकटी येते त्यातलं होतं. त्यावर लिहिलेलं होतं, 'ओलाव्यापासून जपा.' खालून ते ओलं झालं होतं.

डॉक्टर तरुण होती. "पेशंटचं नाव?"

"साहेब," काका म्हणाले.

"पेशंटचं, काका."

"पेशंटचंच."

काकांनी निदानही सांगून टाकलं. दात कसे वाढलेत, कुठे अडतात, हे स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. डॉक्टरने ते लक्ष देऊन पाहिलं. मग बारीक नळीच्या दिव्याने साहेबांचं तोंड पाहिलं, अगदी मागच्या दाढांपर्यंत.

"दात उत्तम आहेत. गिनी पिगचे खालचे दात एवढेच असतात. कुणी घासले असते तर पंचाईत होती."

अक्काने काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे.

डॉक्टरने छाती ऐकली, पोट चाचपलं, मागचे पाय हळूच वाकवले. साहेब चिरकले. "सांधे सुजलेत. हिरड्यांतूनही रक्त येतंय. खातो काय हा?"

अक्का सरसावून बसली. "सगळं मऊ. दुधात भिजवलेला पाव. भाताचा गाळ. भोपळा, गाजर, सगळं शिजवून, कुस्करून. मी स्वतः भरवते. आम्ही खातो तेच त्याला. आमच्यात पंक्तिभेद नाही."

"आणि गवत?"

"गवत?" अक्काला अपमान वाटला. "घरातला आहे तो!"

डॉक्टरने हसू दाबलं. "आजी, त्याला वाळलेलं गवत सतत समोर हवं. शिवाय हिरवं, कच्चं, करकरीत. क जीवनसत्त्व मिळालेलं नाही त्याला. गाय, कुत्रा, अगदी उंदीरसुद्धा ते आपल्या अंगात तयार करतो. गिनी पिगला जमत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. आणि भाजीचा गाळ होईपर्यंत शिजवलं की त्यातलं बरंचसं जातं."

"उंदराला जमतं?" अक्का खोक्यात डोकावली. "आणि मी याला रोज उंदीर म्हणते!"

"आणखी कुणाला जमत नाही?" काकांनी विचारलं.

"माणसाला." डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "काका, दात घासताना रक्त येतं का?"

"ब्रश कडक आहे."

"मी जनावरांची डॉक्टर. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पण याच्यासाठी क जीवनसत्त्वाची म्हणून कच्ची ढोबळी मिरची घ्याल, ती तुम्हा दोघांपुरती घ्या."

लोकांच्या तोंडात बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने आपलं तोंड आरशात कधी नीट पाहिलंच नव्हतं.

औषधाचे थेंब, गवताच्या भुकटीची लापशी आणि ती भरवायची बिनसुईची सिरिंज घेऊन दोघं निघाले. "खाणं थांबलं की यांचं आतडंच थांबतं," डॉक्टरने बजावलं होतं. "थोडं थोडं, पण दिवसभर भरवा."

वाटेत अक्काने साहेबांना एकदाही उंदीर म्हटलं नाही. ही बाब गंभीर.

"मला कवळी आहे," ती शेवटी म्हणाली. "म्हणून माझं मऊ. त्याला मी भरवते, म्हणून त्याचं मऊ. तुला काय झालंय? तुझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

"सवय लागली."

"कसली सवय?"

"अगं, सवय म्हणजे सवय."

तसं कुणी ठरवलं नव्हतं. अक्काचे शेवटचे दात गेले, काकांनी तिला आपल्या हाताने कवळी करून दिली. काम इतकं देखणं झालं की अनोळखी लोक तिच्या हसण्याची तारीफ करत. पण कडक काही चावलं की ती निसटे. एकदा काकांनी तिच्यासमोर कच्चं गाजर करकर चावलं, तेव्हा अक्काचा घास हातातच राहिला होता. त्यानंतर त्या घरात कुणी कुरकुरीत काही खाल्लं नव्हतं.

आठवडा साहेबांच्या सेवेत गेला. तोंडं उघडण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण साहेब आतलं सगळं त्यांच्या चष्म्यावर परत करत.

"तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा हुशार आहे," अक्का म्हणे. "ती बिचारी गिळतात."

प्लास्टर तोलायच्या काट्यावर साहेबांचं रोज वजन होई. आधी ते घसरलं, मग थांबलं. शुक्रवारी साहेबांनी गवताची एक काडी आपणहून ओढली, तेव्हा अक्काने हातातला झाडू खाली टाकला. शनिवारी सकाळी शिट्टी झाली.

रविवारी फोन आला. "आजी, साहेब दाखव ना!"

साहेब ढोबळी मिरचीच्या फोडीवर तुटून पडले होते. नातू खिदळला. "आजी, आवाज ऐक! करकर करकर!" मग त्याला कुणीतरी खेळायला बोलावलं. "आजी, तू बरी आहेस ना? चल, बाय!" पडदा काळा झाला.

अक्का फोन हातात धरून तशीच बसली. पिंजऱ्यातला आवाज चालूच होता. मग तिला दुसराही आवाज ऐकू आला, बंद दाराआडून, दबकत येणारा.

"स्वयंपाकघराचं दार लावून काय खातोस रे?"

आवाज थांबला. "काही नाही."

"इथे ये. येताना ते घेऊन ये."

काका अर्धी मिरची घेऊन आले आणि तिच्यासमोर बसले. त्यांनी कडेचा इवलासा तुकडा तोडला आणि गालात धरून ठेवला.

"चोरासारखं काय खातोस? साहेबांसारखं खा."

काकांनी मोठा घास तोडला. करकर आवाज झाला. पिंजऱ्यातून त्याला जोड मिळाली.

अक्काने कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. तिचे रिकामे जबडे त्या आवाजाच्या तालावर हळूहळू हलत होते.