मंजुषाची अकरा

पल्लवीने रिसीव्हर खांद्याशी दाबला आणि पडद्यावरची फंक्शनांची नावं पुन्हा मोजली.

"सर, इथं तर चौदा दिसून राहिलीत."

"आमच्याकडे तीनच," पुण्याच्या कंपनीचे साहेब म्हणाले. "चौदा दिसली, तर सोमवारी रुजू व्हा."

साल दोन हजार चार. हिंगोलीच्या कॉम्प्युटर क्लासात बसून पल्लवीने गोदामातल्या हळदीचा ओलावा काढणारा प्रोग्रॅम केला होता. त्यातली पायाची अकरा फंक्शनं, म्हणजे हिशोबाचे छोटे तुकडे, मैत्रिणीची, मंजुषाची. लग्न होऊन जवळच्याच गोरेगावला जाण्याआधी तिने ती लिहून ठेवलेली. पल्लवीने आपली तीन वर जोडली. इथल्या मशीनवर मंजुषाच्या फाइलचा वारसा पल्लवीच्या फाइलला आपोआप मिळायचा. पुण्याची प्रणाली वेगळी. पल्लवीच्या फाइलीत नावानिशी जे लिहिलंय, तेवढंच तिला दिसे.

उपाय साधा निघाला. अकराही नावं आपल्या फाइलीत पुन्हा लिहायची आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: मूळ फाइलीत आहे तसं कर. दुपारी साहेबांचा फोन आला. चौदाही दिसली होती.

"फार हुशारीनं लिहिलंय तुम्ही."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं "थँक्यू सर." मग मेला चहासुद्धा गोड लागेना. नोकरी तर हवीच होती, दोन वर्षं ती तिच्याच मागे होती.

दुसऱ्या दिवशी जीपने तिने गोरेगाव गाठलं. मंजुषा आणि तिची सासू गोजरबाई डाळ पाखडत बसल्या होत्या.

"मंजू, तुझ्या अकरांवर माझं नाव पडलंय गं. मी साहेबांना सांगून टाकते."

"काल शेजारच्या दुकानात फोन आला होता त्यांचा. मूळ फाइलीवर माझं नाव दिसलं म्हणे, क्लासवाल्यांनी नंबर दिला. मी म्हनलं, मला काही येत न्हाई, समदं पल्लवीचंच हाय."

"काहून?"

मंजुषाने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आपल्याला कॉम्प्युटर येतो हे तिने गोजरबाईंना कधी कळू दिलं नव्हतं.  पल्लवीने पिशवीतले प्रोग्रॅमचे छापील कागद काढून पुढे ठेवले. मंजुषाने हात पदराला पुसले. बोट ओळीओळीने खाली उतरलं आणि थांबलं.

"तुझ्या तिसऱ्यात चूक हाय. कच्च्या आन् उकडलेल्या हळदीला एकच हिशोब लावलास. ओलावा बराबर यायचा न्हाई."

पल्लवीचाच पेन घेऊन ती कागदाच्या पाठीवर लिहू लागली. झरझर, न थांबता. गोजरबाईंनी सूप खाली ठेवलं.

"हे समदं तुला येतं?"

"व्हय."

"मंग त्या साहेबाला न्हाई काहून म्हनलीस?"

मंजुषाने पेनाचं टोपण लावलं. गोजरबाई पल्लवीकडे वळल्या.

"त्याचा नंबर हाय का गं तुझ्यापाशी?"

पल्लवीला तो पाठ होता. तिने सावकाश एकेक आकडा सांगायला सुरुवात केली.