ठोकून आणलेलं सोनं

नदीच्या वाळूत सोनं शोधणाऱ्या त्या गड्याला सगळे खड्या म्हणायचे. परात हलवून हलवून त्याची कंबर मोडली, पण ऐट काही मोडली नाही.

सोनाराच्या पोरीशी त्याचं ठरल्यात जमा होतं. मागच्या उन्हाळ्यात परातीत एक पिवळाधमक खडा आला आणि गडी भर बाजारात ‘सोनं, सोनं’ करत तिच्या बापाच्या दुकानात शिरला. म्हाताऱ्याने खडा ऐरणीवर ठेवून हातोडी घातली. सोनं असतं तर चेपलं असतं. ह्याचा झाला भुगा. गिऱ्हाईकं पोट धरून हसली. पोरीने मुकाट्याने भुगा झाडला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

आज सकाळी बोराएवढा गोळा हाती लागला, तोच नावाडी सांगून गेला की पोरगी दुपारच्या गाडीने मामाकडे निघालीय, तिथे एक स्थळ बघून ठेवलंय.

खड्या परात टाकून, गोळा आणि दगड फोडायची हातोडी घेऊन पळाला. निम्म्या वाटेवर मात्र पाय अडले. अख्ख्या गोळ्याला भाव जास्त, ठोकला की रूप गेलं. पण न ठोकता नेला, तर पुन्हा तोच तमाशा. त्याने गोळा दगडावर ठेवला, मान फिरवली आणि हातोडी घातली. बघतो तर काय, पापडासारखा चपटा! मग जो सुटला तो थेट गाडीतळावर. म्हातारा ट्रंक टपावर चढवत होता.

खड्याने नुसती मूठ उघडली. पोरीने चकती उलटीपालटी केली.

“कोणी ठोकलं?”

“मीच. वाटेत.”

“आणि फुटलं असतं तर?”

“तरी आलो असतो. हात हलवत.”

म्हातारा कुरकुरला, की गाढवाने चांगल्या गोळ्याची माती केली.

“असू दे,” पोरगी म्हणाली. “बाबा, ट्रंक उतरवा.”

ट्रंक खड्याच्याच डोक्यावर आली. बाजारातून जाताना त्याने तोंडातून ब्र काढला नाही, नुसती मान ताठ. बोलत होती ती. दुकानादुकानापुढे थांबून, मागे हसलेल्या एकेकाच्या नाकासमोर चकती धरून सांगत होती, “ह्याने स्वतः ठोकून आणलंय. बघा, नीट बघा.”